रंगारीरावांनी रविवारी क्रेप सर केले त्याची कैफियत

तमाम खाणार, करणार आणि नुसता वास घेऊन संतोष पावणार मंडळींचे हुजुरास, गॅसच्या निळ्या उजेडात लेखणी धरिलेल्या या बखरनविसाचा लवून मुजरा, आणि मुजऱ्याउपर अर्जी ऐसी जे, थोर थोर किल्ले कोणी कैसे घेतले, भरल्या नद्या कोणी कैशा ओलांडल्या, हे लिहिणारे जागोजागी जाहले आणि त्यांस शालजोड्याही मिळाल्या. परंतु तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि एक मुदपाकखाना एवढ्याच मुलखात, एका रविवारी दोन प्रहरी, मैदा, दूध आणि अंडी इतक्याच फौजेनिशी जी मोहीम जाहली, आणि जीत एका भल्या माणसाची सारी अब्रू पणास लागली होती, तिचा मजकूर कोणी लिहिला नाही. तो राहून जाऊ नये, सबब जैसे घडले तैसे लिहितो. ज्यास भूक लागली असेल त्याने आधी खाऊन घ्यावे, मग वाचावे.

प्रथम राज्याची हकीकत. या मुलखात सत्ता चालत होती टपालबाईसाहेबांची. बाईसाहेब टपालखात्यात चाकरीस, खांद्यावर झोळी घेऊन जिने चढणार आणि दारोदार पत्रे पोचविणार, पायांनी चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. पहिले यजमान कन्या रांगती असतानाच निवर्तले, आणि त्याउपर बाईसाहेबांनी कोणाची कुमक न मागता कन्येस वाढविले, घर चालविले आणि गळका नळ स्वहस्ते दुरुस्त केला. कन्येचा किताब मुंगी. कारण गोडाचा डबा कोठेही दडवा, ती तेथे पोचतेच. उमर वर्षे नऊ, वेण्या दोन, मत एक, आणि ते एकदा ठरले म्हणजे कोणाच्या बापास बदलता येणे नाही.

ऐशा राज्यात गतवर्षी रंगारीराव दाखल जाहले. राव हे घरे, दुकाने आणि कचेऱ्या रंगविणार, उंचीने शिडीस लाजविणार, स्वभावाने गरीब, आणि बोलण्यात एक शब्द तर हसण्यात दहा. टपालकचेरीच्या भिंती रंगवावयास आले असता बाईसाहेबांनी उभ्या उभ्या बजाविले की, खिडकीच्या कोपऱ्यात एक हात कमी पडला आहे. रंगाऱ्यांचे बोलीत भिंतीस रंगाचा एक थर देणे यास एक हात देणे म्हणतात, आणि रावांचा लौकिक ऐसा की, दोन हात दिल्याविना शिडीवरून उतरणे नाही. राव रागावले, कोपरा पाहिला, तो खरोखरच कमी निघाला. मग राग गेला, स्नेह वाढला, आणि भिंती वाळतात न वाळतात तोच लग्न ठरले.

आता दुखणे कोठे होते ते ऐकावे. मुंगीबाईंनी नव्या सरदाराशी लढाई केली नाही, रुसवा धरिला नाही, दार आपटिले नाही. त्यांनी त्याहून कठीण हत्यार काढिले, ते म्हणजे अदब. रावांशी बोलणे ते 'तुम्ही' लावून, काही दिले तर 'थँक्यू', काही देऊ केले तर 'नको, मी घेते'. जेवण जाहले की आपली थाळी आपण धुणार, परक्या घरी उतरलेली पाहुणी धुते तैसी. वरच्या फडताळावरील डबा हवा असता, आणि राव शेजारीच हात हलवीत उभे असता, मुंगीबाई कोपऱ्यातील स्टूल फरफटत आणणार, त्यावर चढणार, डबा काढणार, आणि स्टूल परत जागेवर नेऊन ठेवणार. सायकलीची साखळी पडली तर सायकल हाताने ढकलीत गल्लीच्या टोकाच्या दुकानी नेणार, परंतु दारात बसलेल्या रावांस 'बसवता का' ऐसे विचारणे नाही. वर्ष होत आले, परंतु मुंगीबाईंनी रावांपाशी कधी कोणती गोष्ट मागितली नाही.

स्टुलाचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला की राव हातचे काम सोडून तिकडे पाहत राहत. ज्याच्यापाशी घरात कोणी काही मागत नाही तो घरचा नव्हे, हे त्यांस पक्के कळून चुकले होते, आणि ते कोणापाशी बोलावे हे मात्र कळत नव्हते.

या घरचा एक जुना रिवाज होता. दर रविवारी दोन प्रहरी बाईसाहेब क्रेप करीत. क्रेप म्हणजे मैदा, दूध आणि अंडी यांचे पातळ भिजवण तापल्या तव्यावर पसरून केलेली, कागदाशी पातळपणाची पैज लावणारी चकती, आणि तिजवर लोणी, साखर आणि लिंबू. रावांनी हा सोहळा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. कचेऱ्या आणि दुकाने रविवारी बंद, सबब रंगाऱ्याची खरी चाकरी रविवारीच. संध्याकाळी परतल्यावर झाकून ठेविलेली थाळी त्यांस मिळे, तीत सुबक घडीचे क्रेप, बाजूस काटा आणि लिंबाची फोड. आणि राव ते खाऊन मनापासून तारीफ करीत.

ऐसे चालले असता दैवाने पाय ओढिला, तो बाईसाहेबांचाच. एका इमारतीचा जिना ओला होता, झोळी जड होती, आणि बाईसाहेब पत्रांसह पाच पायऱ्या बसून उतरल्या. डॉक्टरांनी पायास प्लास्टर घातले आणि फर्मान काढिले की, महिनाभर पाय उशीवर, आणि उशी सोफ्यावर. तेव्हापासून सोफा हेच सिंहासन जाहले आणि तेथून हुकूम सुटू लागले. परंतु रविवारचे क्रेप बंद पडले. पहिला रविवार सुना गेला, दुसराही गेला, आणि मुंगीबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढिला नाही. पुस्तक घेऊन खिडकीत बसल्या आणि पान मात्र उलटेना.

त्या दुसऱ्या रविवारी राव काम लवकर आटोपून आले आणि मोरीत ब्रश धूत होते. तेसमयी सोफ्याकडील संभाषण कानी आले, ते मुद्दाम ऐकिले नाही, पण कानास झाकण नसते.

"अगं, त्यांना सांग की. करतील ते," बाईसाहेब म्हणाल्या.

"नको गं आई. तू बरी झालीस की खाऊ. त्यांना कशाला त्रास?"

त्रास हा शब्द ऐकून रावांच्या हातचा ब्रश बादलीत पडला. कोणी शिवी दिली असती तर राव हसून उडविते, परंतु या मऊ बोलण्याने त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी ब्रशाच्या पाण्यावर ढकलिले. आणि तेथेच ओल्या मोरीत उभे राहून रावांनी चंग बांधिला की, येत्या रविवारी क्रेप आपण करावयाचे, आणि ऐसे करावयाचे की, या पोरीने दुसऱ्यांदा आपणहोऊन मागावे. एका केशकर्तनालयाचे छत रंगवावयाचे होते, ते काम त्यांनी पुढे ढकलिले. न्हावी रागावला, तर रागावो म्हणाले.

मनसुबा बाईसाहेबांचे कानी घातला, तेव्हा बाईसाहेबांस हसूही आले आणि गहिवरही आला. त्या काही युक्तीच्या गोष्टी सांगू लागल्या, तो रावांनी हात जोडून अर्ज केला की, काही सांगू नये, फोनमध्ये एक खानसामा आहे तो सर्व दाखवितो, ही मोहीम मला एकट्यास करू द्यावी, वचन द्यावे. बाईसाहेबांनी वचन दिले, परंतु एक हुकूम मात्र सोडिला की, रंग पाहिलेले कोणतेही हत्यार मुदपाकखान्यात येता कामा नये. राव मोठे कायदेपंडित नव्हते, तरी हुकुमातील फट त्यांनी बरोबर हेरिली. शनिवारी बाजारातून दोन जिन्नस वेष्टनासह आणून हुजुरास पेश केले: एक रंग गाळावयाची कोरी जाळी, आणि दुसरी भिंतीच्या भेगा भरावयाची रुंद पोलादी पट्टी, जीस रंगारी नुसती पट्टी म्हणतात. या दोघींनी रंग पाहिलेला नाही, ऐसे त्यांनी शपथेवर सांगितले. बाईसाहेबांनी पट्टी उलटीसुलटी करोन पाहिली, जाळीचा वास घेतला, आणि गरम पाण्याने तीन वेळ धुवावे या अटीवर परवाना दिला.

मग मोहिमेचा रविवार उजाडला. राव स्नान करोन, नखे घासघासोन, धुतला सदरा घालोन मुदपाकखान्यात शिरले, आणि मागे दार ओढून घेतले. फोन डब्यास टेकवून खानसाम्यास उभे केले. मैदा उजव्या बगलेस, दूध डाव्या, अंडी मध्यभागी, लोणी राखीव, साखर आणि लिंबू पिछाडीस, ऐसा व्यूह रचिला. खानसामा भलता घाईचा. त्याने बोलता बोलता अंडी फोडिली, घुसळिली, आणि राव पहिल्या अंड्याचे कवच भिजवणातून काढीत आहेत तोवर तो क्रेप खाऊ लागला. रावांनी त्यास मागे नेले. तो पुन्हा घाई करू लागला. ऐसे तीन वेळ जाहले, मग पडदा अंधारला आणि खानसामा ऐन रणात निजला. रावांची दाही बोटे मैद्याने माखलेली, सबब त्यांनी पुढे वाकून फोनवर नाक टेकविले आणि त्यास जागे केले. पडद्यावर मैद्याचा ठिपका राहिला, तो खानसाम्याच्या बरोबर कपाळी आला.

तोच भिजवणात गुठळ्यांनी बंड केले. लहानथोर गुठळ्या जागोजागी डोकी वर काढोन बसल्या, एक फोडावी तो दोन निघाव्या. दुसरा कोणी असता तर त्याच्या तोंडचे पाणी पळते. परंतु रावांनी उभे आयुष्य गुठळ्या गाळण्यात घालविले होते. त्यांनी कोरी जाळी पातेल्यावर ताणिली, भिजवण ओतिले, चमच्याने गोल गोल दाबिले, आणि खाली जे उतरले ते ऐसे गुळगुळीत की, रावांस ते कोणत्या तरी बैठकीच्या भिंतीस लावावेसे वाटले. खानसाम्याने सांगितले की आता हे घटकाभर विसावू द्यावे. हा हुकूम रावांस पटला, कारण गिलाव्यासही विसावा लागतोच, आणि त्यास तो न दिल्याने जी घरे बिघडली त्यांची नावे रावांस मुखोद्गत होती. मग ते शांत चित्ताने ओटा पुसत राहिले.

आता पहिल्या क्रेपचे युद्ध. तवा तापला, लोणी चरचरले, रावांनी पळीभर भिजवण मध्यभागी ओतिले आणि तवा तिरका करोन चहूकडे फिरविला. भिजवण पसरले, चांगले पसरले, कडेपर्यंत गेले. येथपर्यंत सर्व यथास्थित. परंतु राव वाकून पाहतात तो काय, त्या चकतीस बारीक बारीक छिद्रे पडली आहेत आणि छिद्रांतून खालचा काळा तवा दिसतो आहे! तव्याचा काळा रंग वरून दिसणे म्हणजे रंगाऱ्याच्या जिवाशी खेळ. एका हातात काम सोडावे, खालचे डाग झाकू नयेत, आणि उतरून हात धुवावे, हा तर मालकास फसविण्याचा धंदा, तो रावांनी जन्मात केला नव्हता. आणि आज तर मालकीण मुंगी! खानसामा 'आता उलटा, आता उलटा' म्हणोन ओरडत होता, परंतु रावांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी बोटाची मागली बाजू चकतीस अलगद लावून वाळली की नाही ते पाहिले, बोट पोळले ते तोंडात घातले, आणि मग मोठ्या निगुतीने, पहिला हात उभा पडला होता म्हणोन आडव्या अंगाने, दुसरा हात दिला.

येथून पुढे जे जाहले ते लिहिताना लेखणी खोकते. खालचा हात करपू लागला, वरचा हात ओलाच राहिला, दोहोंच्या मध्ये वाफ अडकली आणि क्रेप पोट फुगवून बसला. रावांनी पट्टी खाली सारिली, अर्धा क्रेप पट्टीवर आला, अर्धा तव्यास चिकटून राहिला, आणि जो आला तो मध्येच फाटला. धूर उठला, तो दाराच्या फटीतून दिवाणखान्यात गेला आणि सोफ्यापर्यंत वर्दी पोचली.

"काय जळतंय?" बाईसाहेबांनी विचारिले.

"काही नाही! अस्तर चाललंय!" राव आतून म्हणाले. रंगाऱ्यांचे बोलीत अस्तर म्हणजे खऱ्या रंगाआधीचा कच्चा थर.

बाईसाहेब आपल्या माणसास पुरते ओळखून होत्या. त्यांनी लगेच दुसरा सवाल टाकिला.

"किती हात दिलेत?"

मुदपाकखान्यातून दबका आवाज आला, "दोन."

"एकच द्यायचा! आरपार दिसला पाहिजे तो!"

"अहो, पण खालचं दिसतंय सगळं. मालकाला फसवल्यासारखं होतं."

"दिसू द्या! आणि पहिल्याचं काय केलंत?"

"लावली विल्हेवाट," राव म्हणाले, आणि हे मात्र खरे नव्हते. त्यांनी तो फाटका, करपला, ओला जिन्नस ओट्याच्या कोपऱ्यात एका पालथ्या वाडग्याखाली दडविला होता, कारण कचऱ्याच्या डब्यात टाकावा तर डबा रिकामा करण्याचे काम मुंगीबाईंचे, आणि त्यांच्या दृष्टीस ही नामोशी पडू देणे रावांस साफ नामंजूर. तिकडे बाईसाहेबांनी काही बोलावयास तोंड उघडिले, मग दिलेले वचन आठवले, आणि तोंड मिटून त्यांनी उशी हाती घट्ट धरिली.

त्याउपर रावांनी मन कठोर केले. पळीभर भिजवण ओतिले, तवा फिरविला, छिद्रे पडली, तवा दिसला, आणि रावांचा उजवा हात आपोआप पळीकडे गेला तो त्यांनी डाव्या हाताने धरून मागे ओढिला. ऐसा स्वतःशी झगडा करणे हे गनिमाशी लढण्याहून कठीण. परंतु हात आवरला, कडा सुटल्या, पट्टी खाली गेली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद, मनगटास एक हिसडा दिला, आणि क्रेप उलटून पडला तो अखंड, सोनेरी, नक्षीदार! रावांनी तो दोन बोटांनी उचलून खिडकीच्या उजेडापुढे धरिला, तो समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे त्यातून पुसट दिसले. हे इतके पातळ काम आपल्या हातून जाहले यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि थोडी लाजही वाटली. मग दुसरा जाहला, तिसरा जाहला, एक तेवढा गॅसच्या कडेवर पडून कामी आला, बाकी सर्व एकावर एक चढत गेले, आणि मैदानावर रावांचा ताबा जाहला.

मग दरबार भरविला. मेजावर धुतलेला कपडा अंथरिला, मुंगीबाईंसाठी घरातील सर्वांत चांगली थाळी काढिली, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, कागदी रुमालाची त्रिकोणी घडी, लिंबाच्या फोडी, पांढऱ्या साखरेची वाटी, आणि मध्यभागी क्रेप, प्रत्येकाच्या चार घड्या ऐशा नेमक्या की, कोपऱ्यास कोपरा भिडावा. सोफ्यावरून बाईसाहेबांनी हा थाट पाहिला आणि त्यांच्या कपाळी एक आठी पडली, परंतु वचन आड आले. मुंगीबाईंस पाचारण केले. त्या आल्या, थाळी पाहिली, रुमाल पाहिला, रावांचा धुतला सदरा पाहिला, आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. काट्याने तुकडा केला, खाल्ला, दुसरा केला, खाल्ला. एक क्रेप संपला. राव पाठीमागे हात बांधून उभे होते आणि श्वास घेणे त्यांनी तहकूब केले होते.

"छान झालेत. थँक्यू," मुंगीबाई म्हणाल्या आणि काटा आडवा ठेविला.

"अजून एक घे ना?"

"नको. पोट भरलं माझं."

ज्या पोरीचे पोट क्रेपांनी कधी भरल्याचा इतिहासात दाखला नाही, तिने ऐसे म्हणावे, यापरते दुसरे दारुण काय? क्रेप जिंकले आणि मोहीम हरली. राव 'बरं, बरं' म्हणाले, दोनदा म्हणाले, हसले देखील, आणि तवा घासावयाच्या निमित्ताने मुदपाकखान्यात परतले. तेथे तवा घासला नाही. पट्टी हाती घेऊन ओट्यापाशी उभे राहिले, आणि आपण या घरास कितीही हात दिले तरी रंग धरणे नाही, ऐसे त्यांच्या मनी आले. फार वाईट वाटले, ते येथे नमूद करितो.

इतक्यात मुंगीबाई आपली थाळी घेऊन आल्या, ती धुवावयास. नळ सोडिला, थाळी धुतली, पालथी घातली. मग जाव्या, तर गेल्या नाहीत. हवेत करपल्या लोण्याचा वास अजून होता. त्यांनी नाक वर करोन तो घेतला, ओट्यावर नजर फिरविली, तव्यात पाहिले, कचऱ्याच्या डब्यात पाहिले, आणि वर्षभरात प्रथमच, आपणहोऊन, रावांस एक सवाल केला.

"पहिला कुठाय?"

"कसला पहिला?"

"पहिला क्रेप. पहिला फाटतोच. आईचापण फाटतो."

आता येथे तो गुप्त रिवाज प्रकट करणे प्राप्त, जो रावांस ठाऊक नव्हता आणि वचनामुळे बाईसाहेबांस सांगता आला नाही. या घरी पहिला क्रेप, जो हटकून बिघडतो, तो थाळीत जात नसे. तो ओट्यापाशी उभ्याने, हाताने फाडोन, वरच्या फडताळावरील तपकिरी साखर भुरभुरून, बोटे पोळत असता आई आणि मुलगी यांनी अर्धा अर्धा खावयाचा, आणि रविवार म्हणजे तोच. बाकीचे घडीचे क्रेप कोणी आले गेले त्यांच्यासाठी. भिजवण विसावत असता मुंगीबाई घटकाभर दाराआड उभ्या होत्या, आत बोलावतील म्हणोन, आणि कोणी बोलाविले नाही तेव्हा आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. त्याऐवजी काटा, सुरी आणि रुमाल मांडोन रावांनी त्यांस पाहुणी केले, आणि त्या पाहुणीप्रमाणे वागल्या. झाकलेली ती सुबक थाळी वर्षभर दर रविवारी रावांस मिळत आली होती, आणि तिचा अर्थ त्यांस आज या एका सवालाने कळला.

पट्टी खाली ठेवून रावांनी पालथा वाडगा उचलिला.

मुंगीबाई पुढे जाहल्या. बराच वेळ पाहिले. बोटाने टोचिले.

"हे काय आहे?"

"दोन हात दिले," राव म्हणाले.

"का?"

"खालचा तवा दिसत होता."

मुंगीबाईंच्या चेहऱ्यावर प्रथम काही हालले नाही. मग ओठ हालले, मग नाकातून एक आवाज फुटला, आणि मग ऐसे हसू सुटले की, त्यांस ओट्याचा आधार घ्यावा लागला. ते थँक्यूबरोबर येणारे अदबीचे हसू नव्हे. त्यात घोरणे होते, उचकी होती, आणि डोळ्यांत पाणी होते.

"आई!" त्या ओरडल्या. "आई, ह्याने क्रेपला दोन हात दिलेत! आणि आतून ओलाय अजून!"

"वाळायला टाइम लागेल," राव म्हणाले, आणि त्यांसही हसू आवरेना.

"मला ठेवा एक तुकडा!" सोफ्यावरून आरोळी आली. "खबरदार सगळा संपवलात तर!"

मुंगीबाईंनी क्रेप उचलिला, कडेचा करपलेला कुरकुरीत भाग फाडिला, त्याचे दोन केले, एक रावांच्या हाती दिला, आणि आपला तोंडाशी नेता नेता थांबल्या. स्टूल कोपऱ्यात होते. मुंगीबाईंनी स्टुलाकडे पाहिले देखील नाही. मान वर करोन फडताळाकडे हनुवटी दाखविली.

"साखर दे ना. ती नाही, वरची. तपकिरी."

बखरनविसाने अनेक फर्मानांचे मजकूर वाचिले आहेत, परंतु याहून थोर फर्मान त्याच्या पाहण्यात नाही. राव जागचे हलेनात, तेव्हा मुंगीबाईंनी 'अरे दे ना' म्हणोन कोपराने ढोसिले, आणि मग रावांचा हात वर गेला, वर्षभर जो नुसता खाली लोंबत होता तो, आणि डबा खाली आला. मग दोघे ओट्यापाशी उभे राहिले, साखर भुरभुरली, बोटे चाटली, आणि ओला भाग वाडग्याच्या कडेस सारिला.

त्याच ठायी तह ठरला, तो मुंगीबाईंनी तोंडी सांगितला आणि रावांनी तोंड भरलेले असल्याकारणे मानेने मान्य केला, जे, पुढील रविवारपासून पहिला क्रेप दडविणे नाही, टाकणे नाही. त्याचे पूर्वी दोन वाटे होत ते आता तीन होतील. केशकर्तनालयांची छते रविवारी चार वाजल्यानंतर रंगविली जातील. आणि दुसरा हात द्यावयाचा तो फक्त भिंतींस. तिसरा वाटा रावांनी स्वहस्ते सोफ्याकडे पोचविला, तो बाईसाहेबांनी चाखला, तोंड वाकडे केले, आणि सबंध खाल्ला.

येणेप्रमाणे रविवारी दोन प्रहरी रंगारीरावांची फत्ते जाहली. रणात एक क्रेप गॅसच्या कडेवर पडला, एक बोट पोळले, फोनच्या काचेवर नाकाचा ठसा उमटला, घडीचे सुबक क्रेप मेजावर थंड जाहले आणि त्यांस कोणी विचारिले नाही. तवा निवला, सबब लेखणीही ठेवितो. संध्याकाळी कोणीतरी मुदपाकखाना झाडला, तेव्हा फरशीवर सांडलेली साखर निघाली, आणि स्टूल कोपऱ्यात होते तेथेच होते.